माहेरचा मळ्या

रत्नाबाईंना हेवा लपवता येत नसे. राग त्या गिळत, दुखणं अंगावर काढत, पण हेवा त्यांच्या हातात उतरायचा. धाकट्या जावेची, शुभांगीची, कुणी तारीफ केली की रत्नाबाईंच्या चुलीपुढे भाकरी जरा जोरात थापली जाई. मागच्या खोलीत वाचत बसलेली असले तरी मला त्या आवाजावरून कळे की आज शुभांगीबद्दल कुणीतरी काहीतरी चांगलं बोललं आहे.

मी चांद्याच्या शाळेतून निवृत्त झाले आणि गावातच रत्नाबाईंच्या घराच्या मागच्या बाजूला भाड्याने राहिले. हिंजवडीत कंपन्या आल्यावर चांद्यातल्या बहुतेक घरांनी मागे अशा खोल्या काढल्या होत्या. माझ्या शेजारच्या खोलीत मनीष नावाचा नांदेडकडचा मुलगा राहायचा, कंपनीत कामाला होता. आम्हा दोघांना रत्नाबाई भाडेकरू म्हणत नसत. "आमची मान्सं" म्हणत. शनिवारी मनीषचा उपास असला की खिचडी त्याच्या दारात पोचलेली असे, आणि तो उपास मोडला तरी त्यांना सांगायची त्याची हिंमत नव्हती.

रत्नाबाईंना मूल झालं नाही. शुभांगीला सौरभ झाला आणि बाळंतपणातच तिला मोठी कावीळ झाली. ती कितीतरी महिने माहेरी पडून होती. तेव्हा ते पोर रत्नाबाईंनी वाटी-चमच्याने वाढवलं. शुभांगी बरी होऊन परत आली, पण मुलाला झोप रत्नाबाईंच्या गोधडीतच यायची. माझ्या वर्गात तो होता तेव्हा त्याच्या दप्तरात डबा शुभांगी भरायची आणि डब्यावर फडकं रत्नाबाई बांधायच्या. दोघी एकाच चुलीवर होत्या तोवर कुणाचं किती, हे मोजायची वेळ आली नाही.

मग दोन भावांची वाटणी झाली. थोरले भिवाजी आणि धाकटे हैबतराव यांचं भांडण असं नव्हतंच. जमिनींना गिऱ्हाइकं येऊ लागली, आणि सात-बारा वेगळे असलेले बरे, असं दोघांनाही वाटलं. जमीन वाटली, मग घर वाटलं. पूर्वेकडचा अर्धा भाग हैबतरावांना, पश्चिमेकडचा भिवाजींना. सौरभ अर्थातच आईबापाबरोबर पूर्वेकडे गेला. त्यात कुणाची काही चूक नव्हती. पण रत्नाबाईंच्या घरातून ज्या एका गोष्टीची वाटणी त्यांना मान्य नव्हती ती गेली, आणि त्याबद्दल तक्रार करायला त्यांना जागाच नव्हती. दोन्ही जावांचं बोलणं त्या वर्षापासून कमी होत होत सणावारापुरतं उरलं.

माजघरातलं मधलं दार बुजवायचं ठरलं. चौकट काढून झाली, गवंडी विटा घेऊन आला, आणि तेव्हा सौरभने त्याला थांबवलं. तो तेव्हा हिंजवडीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला होता. त्या ऑफिसच्या पुढच्या दालनात माशांची मोठी काचपेटी होती, आणि जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यापुढे बसून डबा खायचा. त्याने गवंड्याला सांगितलं, विटा कमरेपर्यंतच लाव. त्यावर मी टँक बसवणार. दाराच्या रुंदीची काचपेटी त्याने पुण्यातून बनवून आणली. वर हात घालण्यापुरती मोकळी जागा ठेवली आणि तिला दोन्ही बाजूंनी प्लायवूडची छोटी झडप लावली. म्हणजे एकच पेटी, एकच पाणी, पण काच दोन घरांत. इकडून पाहिलं की मासे आणि माशांच्या पलीकडे शुभांगीचं माजघर दिसे. तिकडून पाहिलं की रत्नाबाईंचं.

भिवाजी म्हणाले, "भिताडात मासं कशाला?" हैबतरावही तेच म्हणाले. पण नको म्हणणारा आपण ठरायला नको, म्हणून दोघे गप्प बसले. रत्नाबाई लगेच हो म्हणाल्या. पाण्यातून का होईना, सौरभ जिथे बसतो तो कोपरा त्यांना दिसणार होता.

टँकमध्ये गप्पी आले, काळ्या मॉली आल्या, रुपेरी एंजलची जोडी आली. आणि एक काळपट, ठिपक्यांचा, ओबडधोबड मासा आला. दुकानदार त्याला सकर म्हणे. त्याचं तोंड खालच्या अंगाला, गोल. काचेला ते तोंड लावून तो चिकटून बसे आणि काचेवर धरलेलं शेवाळ खरवडून खाई.

"ह्यो काच साफ ठेवतो, मोठीआई," सौरभने झडपेतून सांगितलं.

"माझी काच साफ करायला मासा कशाला?" रत्नाबाई म्हणाल्या. "मी काय मेलीय व्हय?"

हे त्या गमतीने म्हणत नव्हत्या. रत्नाबाईंची स्वच्छता गावात प्रसिद्ध होती. त्यांच्या हंड्यात तोंड दिसे. अंगणात पान पडायचा अवकाश, ते उचललेलं असे. टँक आल्यापासून त्यांच्या सकाळच्या कामात एका कामाची भर पडली. अंघोळ झाली की देवाची उपकरणी घासायची, आणि ती झाली की चोळीची बाही वर सारून, झडपेतून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, मऊ फडक्याने काच आतून पुसायची. मग बाहेरून ओल्या वर्तमानपत्राने. माशांना त्या हाताची इतकी सवय झाली होती की गप्पी त्यांच्या बांगड्यांमधून जा-ये करत.

पलीकडे शुभांगीचं सगळं निराळं होतं. ती हसरी, बोलकी, आणि कामात जरा सैल. भांडी दुपारपर्यंत मोरीत पडली तरी तिला काही वाटत नसे. टँकच्या काचेकडे ती बघायची, पण पुसायची नाही. "ऐतवारी सौरभ करंल की," म्हणायची. तिच्या माजघराला पूर्वेची मोठी खिडकी, त्यामुळे सकाळचं ऊन थेट काचेवर यायचं आणि चार-सहा दिवसांत तिकडची काच मेंदीच्या पाण्यासारखी हिरवट दिसू लागायची. रविवारी सौरभ बादली, नळी आणि स्पंज घेऊन बसे आणि तिकडची काच पुसे.

तो पुसत असताना रत्नाबाई इकडे पाटावर बसून बघत. पाण्यापलीकडे त्याचं तोंड हले, हसे, कधी मोठं दिसे, कधी लांबट.

सकर मासा आला तेव्हापासून शुभांगीच्या काचेलाच चिकटून असे. इकडून त्याची फक्त पाठ दिसायची, तीही पेटीच्या पलीकडच्या टोकाला. आणि तिकडे मायलेकांना त्याचं तोंड दिसायचं. त्या तोंडाची त्यांना भारी मजा वाटे.

"आई, बघ बघ, कसं करतोय! च्या पितोय जनू!"

"अगं बया! तुझ्या बापागत व्हट करतोय!"

आणि दोघांचं हसणं झडपेच्या फटीतून इकडे येई. इकडे भाकरी जोरात थापली जाई.

एकदा रत्नाबाईंनी मला विचारलं, "बाई, माशाला मानूस वळखू येतं का हो?"

मी म्हटलं, "खायला घालणारा हात ओळखत असेल."

"मग हात तर रोज माझाच असतोय त्यात," त्या म्हणाल्या.

त्यांनी दाणे टाकून पाहिले. आपल्या काचेजवळ चिमूटभर दाणे सोडले की एंजल येत, मॉली येत, सगळे येत. तो एक येत नसे. पाणी हलवून पाहिलं. टिचक्या वाजवून पाहिल्या. काच आणखी लख्ख केली. पाहुण्याला बसायला सतरंजी झटकून द्यावी तशी त्या काच पुसत होत्या, आणि पाहुणा शेजारच्या घरातून उठायला तयार नव्हता. सगळ्या गावासमोर एखाद्याने आपल्याकडे पाठ करून बसावं तसं त्यांना ते लागत होतं. मासा तिकडे बसला म्हणून त्या इतक्या कष्टी होत्या असं मला वाटत नाही. तो बसला होता त्या काचेपाशीच दर रविवारी सौरभ बसायचा.

त्या दिवाळीत रत्नाबाई भाऊबीजेला माहेरी गेल्या. त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या अलीकडे. घरामागून ओढा वाहतो. त्यांचा भाऊ बहिरू टोपलीने मासे धरत होता. त्याने दगड उचलला, तशी दगडाला चिकटलेला बोटभर लांबीचा एक मासा त्यांना दिसला. मळ्या. लहानपणी कपडे धुताना त्यांनी हजारदा पाहिलेला. वाहत्या पाण्यात खडकाला घट्ट धरून राहतो आणि खडकावरचं शेवाळ खातो. तरी या वेळी त्या बघत राहिल्या.

"बहिरू, ह्यो मला दे."

"घे की. आणखी चार धरतो, कालवण तरी व्हईल."

"कालवनाला नको. घरी न्यायचाय. जित्ता."

बहिरू बहिणीकडे बघतच राहिला, पण भाऊबीजेला बहिणीला नाही म्हणता येत नाही. पितळेच्या कळशीत ओढ्याचं पाणी, त्यात मळ्या, तोंडाला फडकं. कळशी मांडीवर घेऊन त्या एसटीने घोटावडे फाट्यावर उतरल्या आणि तिथून वडापच्या जीपमध्ये बसल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "मावशे, काय हाय कळशीत? तूप?"

"पावना हाय."

"मग फडकं काढा की, गुदमरंल."

रत्नाबाईंनी खरंच फडकं सैल केलं. हे सगळं त्यांनीच मला आल्या आल्या सांगितलं, अंगावरची नवी साडीही न बदलता.

मळ्या त्यांनी आपल्या झडपेतून सोडला. तो तळाच्या वाळूवर त्यांच्याच बाजूला बसला, धापा टाकत. मग हवेच्या पंपाचे बुडबुडे येत होते तिथे सरकला आणि निवांत झाला. पलीकडून सौरभ काचेला नाक लावून बघू लागला आणि त्याने झडप उघडली.

"मोठीआई! ह्यो कुठनं आला?"

"माझ्या म्हायेरचा हाय. कुनी त्याला तरास द्यायचा न्हाई."

"लई भारी हाय! ओढ्यातला हाय न्हवं?"

"खडकाला चिकटून ऱ्हातोय तो. काच म्हंजे काय त्याला!" असं म्हणून त्यांनी पलीकडे शुभांगी ऐकते आहे का ते पाहिलं. ती ऐकत होती. त्या रात्री भाकरीचा आवाज अगदी मऊ आला.

सकाळी मी चहाला गेले तर रत्नाबाई टँकपुढे उभ्या होत्या. हातातलं फडकं तसंच. मळ्या शुभांगीच्या काचेला चिकटलेला होता, सकरच्या शेजारी. दोन पाठी, एक मोठी, एक लहान.

पलीकडे शुभांगी कुणाला तरी दारातून सांगत होती, "या, बघाया या! आक्कांच्या म्हायेरचं पावनं आमच्याकडं ऱ्हायला आल्यात!" ती चेष्टाच होती. तिच्या मनात पाप नव्हतं, ती सगळ्यांचीच अशी चेष्टा करायची. पण रत्नाबाईंचा चेहरा उतरला.

"त्यो दुकानातला होता, बाई," त्या हळू म्हणाल्या. "त्याचं सोडा. पन ह्यो तर माझ्या म्हायेरच्या वढ्यातला. त्यो बी फितूर?"

त्यानंतर काच पुसण्याला जोर आला. आधी रोज एकदा पुसत, आता संध्याकाळीही. काच इतकी स्वच्छ झाली की एकदा भिवाजींनी तंबाखूची पुडी टँकच्या कट्ट्यावर ठेवायची म्हणून हात पुढे केला आणि काचेवर बोटं आपटून घेतली.

"अगं, हितं काच हाय का न्हाई तेच कळंना!"

"मग तर कुनाला घान म्हनाया जागा न्हाई ना!" रत्नाबाई म्हणाल्या.

एका रविवारी मात्र त्यांना राहवलं नाही. सौरभ तिकडे नळीने तळाची घाण ओढून काढत होता. त्यांनी आपली झडप उघडली. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

"सौरभ."

"काय गं मोठीआई?"

"ह्यास्नी माझ्याकडं काय वाईट हाय रं?"

"कुनास्नी?"

"ह्या दोघास्नी. एक बी माझ्या काचंला येत न्हाई. दानं टाकते, टिचक्या वाजवते, रोज पुसते. माझ्याच वाट्याला पाठ."

सौरभला हसू आलं. वाईट वाटेल असं काही आपण बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"अगं, तू पुसतीस म्हनूनच येत न्हाईत. त्यास्नी शेवाळ लागतं खायला. आईची काच बघ कशी हिरवीगार हाय. तुझ्या काचंवर हाय का कायतरी? तुझ्याकडं आले तर उपाशी मरतील की!"

मागून शुभांगी म्हणाली, "म्हंजे माझा आळस कामी आला म्हनायचा!"

सौरभ हसला, शुभांगी हसली. रत्नाबाईंनी झडप लावून घेतली.

त्यांच्या दारातून कुत्रं उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. वाटसरू, भाडेकरू, वीजमीटर बघायला आलेला माणूस, कुणीही असो, "जेवलास का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्या दिवशी त्यांनी पानावर बसून भाकरीचे तुकडे नुसते चिवडले.

"उपाशी म्हनाला," त्या मला म्हणाल्या. "माझ्याकडं उपाशी. ज्याला म्या वाटीनं पाजलं, त्यो म्हनतोय."

दुसऱ्या दिवशी देवाची उपकरणी घासून झाली. त्यांनी सवयीने फडकं घेतलं, टँकपाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि फडकं खिळ्याला परत अडकवलं. हात मात्र पदराला पुसत राहिल्या, ओला नसतानाही.

काच न पुसणं त्यांना किती जड गेलं हे सांगून पटायचं नाही. जाता-येता त्यांची नजर तिथे जाई. काचेवर गप्पीच्या दाण्यांचा तेलकट पट्टा धरला, पाण्याच्या रेषेवर पांढरा क्षार बसला. ते सगळं त्यांनी सोसलं. पण शेवाळ येईना. त्यांचं माजघर पश्चिमेचं, पुढे पडवी, ऊन आत येतच नसे. आठवडे गेले, काच मळकट झाली, हिरवी होईना.

"घान बी माझ्याकडं याया तयार न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

मग त्यांनी मनीषला बोलावलं. तिकडच्या काचेला ऊन लागतं म्हणून ती हिरवी, एवढं त्यांनी स्वतःच ताडलं होतं. ऊन आणता येत नाही, ट्यूब आणता येते. मनीष स्टुलावर चढून ट्यूब टँकवर बसवू लागला.

"काकू, इथे लावली तर टीव्हीच्या काचेवर उजेड पडेल. काकांना दिसणार नाही नीट."

"पडू दे. त्यास्नी कुटं परीक्षा द्यायचीय?"

ट्यूब सकाळपासून संध्याकाळपर्यंत जळू लागली. भिवाजी बातम्या बघताना मान वाकडी करून बसत.

"दिवसा दिवा कशाला गं?"

"तुमाला काय करायचंय? वाकडं बसा."

संक्रांत आली तेव्हा काचेवर पातळ हिरवट साय धरली होती. नेमकं तेव्हाच हळदीकुंकू. वाटणीनंतर दोन्ही जावांचं हळदीकुंकू वेगळं होई, एकाच संध्याकाळी, आणि बायका दोन्हीकडे जाऊन येत. रत्नाबाईंनी अंगण सारवलेलं, भांडी झळकत होती, आणि त्या सगळ्यात मधोमध ती काच. मी त्यांच्याकडे बघत होते. बायका आत आल्या की त्यांची पाठ काचेकडे करून बसवायची त्यांची धडपड चालली होती. पण गंगूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"रत्नाबाई, बरं न्हाई का तुमाला?"

"का? काय झालं?"

"न्हाई, काच... आसं तुमच्या घरात कधी बघितलं न्हाई."

दुसरी म्हणाली, "वय झालं आता. किती करायचं एकटीनं?"

"शुभांगीची बरी दिसली की आज," गंगूबाई म्हणाल्या. "तिनं पुसून घेतलीया वाटतं."

सणापुरती पुसून घेतली होती खरी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शुभांगीला स्वच्छ म्हणालं होतं आणि रत्नाबाईंना घाणेरडं. एका शब्दाने त्या सगळं सांगू शकल्या असत्या. "माशासाठी ठेवलीय," म्हणाल्या असत्या तर बायका हसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण मग ते पलीकडे शुभांगीलाही कळलं असतं. त्यांनी गंगूबाईंच्या ओंजळीत तिळगूळ जरा जास्तच ठेवला आणि म्हणाल्या, "व्हय. हल्ली हात दुखतोय."

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, त्यांनी मला हाक मारली. मोठ्याने नाही, घाबऱ्या आवाजात. मी गेले तर त्या पाटावर ताठ बसल्या होत्या, जणू हललं तर काहीतरी उडून जाईल. मळ्या त्यांच्या काचेला चिकटला होता. त्याचं पांढरट पोट, आणि खाली ते छोटं तोंड. ओठ उघडझाप करत तो काचेवरून एक पट्टा साफ करत चालला होता.

"तोंड हाय, बाई, त्याला," त्या कुजबुजल्या. "किती भूक लागल्याली बघा."

शुभांगीने तिकडची काच सणासाठी पुसली होती, म्हणूनही तो इकडे आला असेल. हे मी बोलले नाही. दोन दिवसांनी सकरही आला.

आणि मग रविवार. मी रत्नाबाईंकडे शेंगा सोलत बसले होते. सौरभ पलीकडून काच पुसायला बसला, तर त्याला इकडची काच हिरवी दिसली. मोठ्या आईची काच हिरवी! त्याला काही समजेना. झडपेतून हाक न मारता तो बादली आणि स्पंज घेऊन अंगणातून वळसा घालून थेट दारात आला. वाटणी झाल्यापासून सण नसताना, बोलावणं नसताना तो असा पहिल्यांदाच आला होता.

"मोठीआई, बरं न्हाई तुला? हात दुखतोय म्हनं, गंगूमावशी सांगत हुती."

"बस. च्या टाकते."

"आधी काच पुसतो. किती घान झालीया!" त्याने बाही वर सारली. "तुझ्याकडं कधी काय करायचं शिल्लकच नसायचं. मी आलो तरी काय करनार? आज घावलंय काम."

रत्नाबाई चहाचं आधण ठेवता ठेवता थांबल्या. त्याने हे सहज म्हटलं होतं, स्पंज पिळता पिळता. पण त्यांना ते पुरतं ऐकू आलं. माशांचं जे झालं होतं तेच.

सौरभने झडप उघडली, तशा त्या उठल्या.

"पुसू नको!"

"का?"

पुसली तर मासे तिकडे जाणार. नाही पुसू दिली तर हा उठून जाणार. त्यांच्या चेहऱ्यावर ते दोन्ही हिशेब एकदम चाललेले मला दिसत होते.

"अर्धी पूस," त्या म्हणाल्या.

"अर्धी?"

"अर्धी. राह्यल्याली म्होरल्या ऐतवारी. एकदम सगळं करू नये."

सौरभने माझ्याकडे बघितलं. मी शेंगांकडे बघितलं. त्याने खांदे उडवले आणि काच मधोमध धरून एक बाजू पुसली. मासे हिरव्या बाजूला सरकले. पुसलेल्या बाजूतून पलीकडचं माजघर दिसू लागलं, आणि त्यात शुभांगी दिसली. ती कमरेवर हात ठेवून इकडेच बघत होती. कधीपासून, कोण जाणे.

तिने तिकडची झडप उघडली. "सौरभ, च्या गार झाला तुझा."

रत्नाबाईंनी सौरभच्या खांद्यावरून वाकून उत्तर दिलं, "त्यानं हितं घेतलाय." अजून चहा उकळतही नव्हता.

मग शुभांगी म्हणाली, "दिवसा ट्यूब लावताय न्हवं, आक्का? मला तवाच समजलं हुतं."

"लावली. तुला देवानं खिडकी दिली. मला उजेड इकत घ्यावा लागला."

"मासं तिकडं नेलं, प्वॉर बी तिकडं नेलं. मग म्या हितं काय बघू?"

"म्या बघत हुते तेच बघ. पाठ."

शुभांगीने झडप आपटली. इतकी वर्षं त्या दोघी "सण बरा झाला का" याच्या पलीकडे बोलल्या नव्हत्या. हे भांडण म्हणायला हवं, पण रत्नाबाईंनी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली होती, हे मला पहिल्याच घोटाला कळलं. सौरभने दोन कप घेतले.

शुभांगी हरणाऱ्यांतली नव्हती. त्याच आठवड्यात रत्नाबाई माझ्या खोलीत आल्या, चप्पल न काढताच.

"बाई, चला बघा. काकडी टाकलीया तिनं!"

खरंच, पलीकडच्या काचेजवळ दोऱ्याला बांधलेली काकडीची चकती तरंगत होती, खाली बांगडीचा तुकडा वजनाला. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. सकर तिला बिलगून बसला होता. मळ्या मात्र इकडच्या हिरव्या अर्ध्या काचेवरच होता.

"ह्येला म्हनत्यात म्हायेर," रत्नाबाई म्हणाल्या, पण त्यांचा डोळा सकरवरून हटत नव्हता. "दुधी चालंल का हो त्याला? का वांगं?"

काकडी दोन दिवसांत विरघळली. तिचे धागे पाण्यात पसरले आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं. रविवारी सौरभने तिकडून पाहिलं आणि तो चिडला. त्याला चिडलेला मी क्वचितच पाहिला आहे.

"काकडी कुनी टाकली ह्यात? मासं मारायचं हायेत का सगळं? कुनी टाकली?"

शुभांगी तोंड उघडणार, एवढ्यात इकडची झडप उघडली.

"म्या टाकली," रत्नाबाई म्हणाल्या.

"मोठीआई, तू? थांब, आलोच मी." तो बादली उचलून निघालाही. अंगणात त्याची पावलं वाजली. तो ओरडायला येत होता, पण येत होता.

"सौरभ! अरं आक्का खोटं बोलत्यात!" शुभांगी झडपेतून ओरडली. "म्या टाकलीया! माझी काकडी हाय ती! बाई, तुमी सांगा की त्याला!"

"तिचं ऐकू नका," रत्नाबाई मला म्हणाल्या आणि घाईघाईने स्टोव्हवर आधण ठेवलं.